वांगं नऊ, कारलं बारा

विनायक ढोमणे यांच्याबद्दल आमच्या चंदीगडच्या ऑफिसात दोन गोष्टी सर्वांना मान्य होत्या. एक, त्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. दोन, ते कॉम्प्युटर सेलचे प्रमुख आहेत. केंद्र सरकारात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

तिसरी गोष्ट दबक्या आवाजात बोलली जायची. ढोमण्यांची दिल्लीत जबरदस्त सेटिंग आहे. आमच्या खात्यात माणूस एका गावात फार टिकत नाही. पडदे खिडक्यांच्या मापाला येतात, मुलांना शाळेत मित्र मिळतात आणि बदलीची ऑर्डर येते. ढोमणे मात्र बारा वर्षं चंदीगडात ठाण मांडून बसले होते. बदल्यांची यादी दर वर्षी निघायची आणि दर वर्षी ढोमणे त्यात नसायचे. त्यामुळे शिपाई पहिला चहा त्यांना द्यायचा, आणि प्रशासन विभागाचे सुपरिंटेंडेंट बत्रासाहेब, जे स्वतःही बारा वर्षं हलले नव्हते, ते ढोमण्यांशी बरोबरीच्या नात्यानं बोलायचे. एका मुरलेल्या माणसानं दुसऱ्या मुरलेल्या माणसाशी बोलावं, तसे.

मी राजभाषा विभागात अनुवादक. माहेर सांगली, सासर सांगली, नोकरी जिथं सरकार टाकेल तिथं. कुणीही न वाचणाऱ्या इंग्रजी परिपत्रकांचं कुणालाही न कळणाऱ्या हिंदीत भाषांतर करणं हे माझं काम. माझं टेबल कॉम्प्युटर सेलच्या दाराला लागून होतं. पहिल्याच दिवशी दारातून एक गोल चेहरा बाहेर आला. एप्रिल महिना, पंखे सुरू, आणि अंगात बिनबाह्यांचा मरून स्वेटर.

"मराठी काय? बरं झालं बाप्पा! बारा घरचं हिंदी बोलू बोलू जिभेले गाठी पडल्या माह्या."

ढोमणे अकोल्याकडचे. वऱ्हाडी सोडून त्यांना एकही भाषा येत नव्हती, पण ती ते हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी अशा तिन्ही नावांनी बोलायचे. कॅन्टीनवाल्याला ते म्हणायचे, "अरे भाई, मैं कबसे बोलके रहा हूँ, भटूरा गरम दे ना बाप्पा." तो गरम भटूरा द्यायचा. मग खिशातून औषधाची बाटली निघायची. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा. छोल्यांवर तो ठेचा घालून ते समोरच्या सरदारजींना आग्रह करायचे. आमच्या हिशेब विभागातले एक धिप्पाड सरदारजी त्या ठेच्यानंतर पाणी शोधत गॅलरीत पळाल्याचं मी पाहिलं आहे.

ढोमण्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते कुणालाही ऐकवायचे.

"ताई, वळखीच्या मानसाले कधी काई इचारू नये. तो पयले आपली लायकी काढते, मंग उत्तर देते. अन् मंग जनमभर आठवन करून देते. परका मानूस भला. त्याले आपली लायकीच माईत नसते."

हा सिद्धांत ते जगायचे. चंदीगडसारख्या शहरात, जिथं सगळे रस्ते काटकोनात आणि सगळ्या वस्त्यांना आकडे, तिथंही ते रस्ता विचारायचे. बावीस सेक्टरला जायचं तर एकवीसमध्ये थांबून विचारायचे. एकदा एका म्हाताऱ्या सरदारजींना पत्ता विचारला, त्यांनी घरात नेऊन पत्ता समजावला, समजावता समजावता राजमा-चावल आले, आणि ढोमणे तिथंच सोफ्यावर झोपून संध्याकाळी घरी आले. ज्या कामाला निघाले होते ते राहिलं. "काम कोनतं होतं तेच आठवत नाई," ते म्हणाले, "पन राजमा आठवते."

रविवारी त्यांचा एक खास खेळ असायचा. चंदीगडात तेव्हा तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. बारानंतर थेट चौदा. तर हे स्कूटर थांबवून लोकांना विचारायचे, "भाईसाब, तेरा सेक्टर कहाँ पडता?" काही जण हसून म्हणायचे, अंकल, तेरा नाहीच. पण बरेच जण हात लांब करून सांगायचे, पुढच्या चौकातून डावीकडं, मग लायब्ररीच्या मागं. ढोमणे त्यांचे मनापासून आभार मानायचे. "ज्याले माईत नसते ना ताई," ते मला सांगायचे, "तोच जोरात बोट दाखवते. हे वळखता आलं का दुनिया जिंकली." पुढं सरकारनं शहराच्या कडेच्या मनीमाजरा वस्तीला तेरा हा आकडा देऊन टाकला आणि त्यांचा खेळ बंद पडला. त्या निर्णयावर त्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं होतं. मीच ते पाठवू दिलं नाही.

इंटरनेट हे तर त्यांच्या दृष्टीनं परक्या माणसांचं भरलेलं कोठारच. त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी होईना, तेव्हा त्यांनी तो प्रश्न वाफेच्या इंजिनांचा नाद असलेल्या परदेशी लोकांच्या साइटवर टाकला. मी म्हटलं, अहो, तिथं का? "वाफ त्याइचाच विषय हाय ना?" ते म्हणाले. दोन दिवसांत वेल्सकडच्या कुणा माणसानं शिट्टीच्या आतल्या भागाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र पाठवलं, बाण दाखवून. शिट्टी झाली. त्या माणसाला ढोमण्यांनी डाळ शिजल्याचा फोटो पाठवला.

आता मुख्य गोष्ट.

बदल्यांची यादी कॉम्प्युटर काढायचा. त्यासाठी कुणी एका फार जुन्या अधिकाऱ्यानं पर्ल नावाच्या संगणकी भाषेत एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो अधिकारी कधीच निवृत्त होऊन गेला. जाताना प्रोग्रामच्या माथ्यावर इंग्रजीत लिहून गेला, 'हात लावू नये'. ढोमण्यांनी ही आज्ञा बारा वर्षं निष्ठेनं पाळली. दर वर्षी कर्मचाऱ्यांची माहिती भरायची, बटण दाबायचं, यादी बाहेर. ज्याची एका गावी सर्वांत जास्त वर्षं झाली तो सर्वांत वर, आणि जितक्या जागा बाहेर भरायच्या तितकी वरची माणसं उचलायची. त्या वर्षी आसामातल्या दिब्रुगड आणि आसपासच्या कचेऱ्यांत जागा भरायच्या होत्या.

यादीचा कच्चा मसुदा लागला आणि त्यात पहिलं नाव निघालं हरजीत कौरचं.

हरजीत आमच्या आवक-जावक विभागात होती. चंदीगडला येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. तिच्या नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झालेली, दर दोन-तीन दिवसांनी त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. ती सकाळी त्याला तिथं सोडून ऑफिसला यायची, दुपारी रजा टाकून आणायला जायची. बदलीतून सूट मिळावी म्हणून तिनं अर्ज केला होता. त्यावर 'विचाराधीन' असा शेरा पडून होता. आमच्याकडं विचार फार सावकाश चालतो.

ती रडत वगैरे आली नाही. सेलच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ढोमणे जी, ज़रा देख लोगे? मशीन से कोई गलती तो नहीं हुई?"

बत्रासाहेब तिथंच बसले होते. ते म्हणाले, "बेटा, कंप्यूटर कभी गलती नहीं करता. आदमी करता है."

हरजीत म्हणाली, "तो आदमी ही देख ले जी."

ढोमण्यांना ते लागलं. त्यांनी पूर्ण यादी छापून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि मला हाक मारली. "ताई, हे पाहा. वर हरजीत, नऊ वर्षं. तिच्या खाली आठवाले. मंग सातवाले. बरोबर हाय. आता खाली या. एक वर्षवाले. अन् त्याच्या बी वर कोन? मी, बारा वर्षं. बत्रा, बारा वर्षं. आमच्या संग आलेले दोघं, बारा वर्षं. काल लागलेल्या पोरायच्या शेजारी आमी काहाले बसून रायलो?"

"तुमची सेटिंग," मी म्हटलं.

"माही कोनतीच सेटिंग नाई ओ!" ते आवाज खाली आणून म्हणाले. "माह्या बायकोची शपथ. म्या दिल्ली फक्त टेसनवरून पायली."

प्रोग्राम उघडला. आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. डॉलरची चिन्हं, कंस, अर्धविराम, जणू कुणी कीबोर्डवर शेवेची पुडी सांडली होती. तेव्हा ढोमण्यांनी त्यांच्या सिद्धांताप्रमाणे निर्णय घेतला. परक्यांना विचारायचं.

पर्लच्या जाणकारांची एक साइट त्यांनी शोधली. अडचण एकच होती. ऑफिसची माहिती बाहेर पाठवायची नाही, असं परिपत्रक होतं, आणि ते त्यांनीच काढलेलं होतं. म्हणून त्यांनी सगळ्यांची नावं काढून भाज्यांची घातली. हरजीतला विचारलं, "आपको कौनसी भाजी?" ती त्या अवस्थेतही हसली आणि म्हणाली, "बैंगन, जी. भरते वाला." तर हरजीत झाली वांगं. बत्रासाहेब भोपळा. मी भेंडी. स्वतःला ढोमण्यांनी कारलं म्हटलं. "कोनाले आवडत नाई, पन तब्येतीले चांगलं."

मग त्यांनी प्रश्न लिहिला. इंग्रजी तपासायला माझ्याकडं दिला. सुरुवात होती, 'रिस्पेक्टेड सर्स, विथ ड्यू रिगार्ड्स आय बेग टू स्टेट', आणि शेवट होता, 'मॅटर मे काइंडली बी ट्रीटेड ॲज मोस्ट अर्जंट'. मध्ये अख्खा प्रोग्राम चिकटवलेला, कारण कुठला भाग महत्त्वाचा हे ठरवायला आधी काहीतरी कळावं लागतं. मी म्हटलं, असं लिहिलंत तर ते हसतील. ते म्हणाले, "हसू द्या. हसनारा मानूस थांबते तरी."

पहिलं उत्तर आलं, आधी पुस्तक वाचा. दुसरं आलं, या जमान्यात पर्ल कोण वापरतं, सगळं नव्या भाषेत पुन्हा लिहून काढा. ढोमणे खूष झाले. "हे पाहा, तेरा सेक्टर दाखवनारे!" तिसऱ्यानं विचारलं, इतका लांबलचक मजकूर कोण वाचणार. मग साइटच्या कुणा अधिकाऱ्यानं प्रश्नच बंद करून टाकला. कारण, असाच प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे.

मला वाटलं, आता हे चिडतील. ढोमण्यांच्या चेहऱ्यावर मात्र घरी आल्याचा आनंद होता.

"ताई, हे तर आपल्याहून मोठं सरकारी ऑफिस निंघालं! अर्ज फेटाळला, कारन पूर्वी एका मानसानं असाच अर्ज केला होता. इथं मले काम करता येते. इथल्या चालीरीती मले माईत हायेत."

आणि खरंच, त्यांनी सरळ स्मरणपत्र टाकलं. विषय, संदर्भ, 'काइंडली रेफर टू द ट्रेलिंग पोस्ट', खाली स्मरणपत्र क्रमांक एक. मग क्रमांक दोन. क्रमांक तीनमध्ये त्यांनी एक वाक्य स्वतःच्या मनानं जोडलं होतं, ते मी खोडलं नाही. त्याचा मराठीत अर्थ असा होता, 'वांग्याचा नवरा आजारी आहे.'

त्या वाक्यावर कुणीतरी थांबलं.

त्या माणसाच्या नावाच्या जागी बगळ्याचं चित्र होतं. बगळ्यानं विचारलं, "वांगं म्हणजे काय? आणि त्याला नवरा कसा?"

ढोमण्यांनी सविस्तर उत्तर दिलं. वांगं ही भाजी आहे, पण या प्रकरणी तिला व्यक्ती समजण्यात यावं. बगळ्याला हे पटलं असावं. प्रश्न पुन्हा खुला झाला, कसा ते ठाऊक नाही. बगळ्यानं त्यांना कामाला लावलं. प्रोग्राम निम्मा करा. पुन्हा चालवा. चूक अजून दिसते का? पुन्हा निम्मा करा. वर शिस्तीच्या दोन ओळी घाला, मग मशीन स्वतःच तक्रारी करायला लागेल. ढोमणे एकेक आज्ञा पाळत होते आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी करत होते. दोन दिवसांनी बगळ्यानं कळवलं, मी सर नाही, मी एका लहान गावातली निवृत्त ग्रंथपाल आहे, माझं नाव रूथ. ढोमण्यांनी तत्काळ शुद्धिपत्रक काढलं. 'यापूर्वीच्या सर्व पत्रव्यवहारात सर या शब्दाऐवजी मॅडम असे वाचावे.' रूथबाईंनी उत्तर पाठवलं की त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी इतक्या पद्धतशीरपणे बाई केलं नव्हतं.

प्रोग्राम निम्मा होत होत अखेर चार ओळींवर आला. चार ओळी आणि दोन भाज्या. वांगं नऊ, कारलं बारा. यादी चालवली की वांगं वर, कारलं खाली.

रूथबाईंनी लिहिलं, "सापडलं. तुमचा प्रोग्राम आकड्यांना आकडे समजतच नाही. शब्द समजतो. शब्दकोशात शब्द लावतात तसे तो पहिलं अक्षर बघून आकडे लावतो. बारातलं पहिलं अक्षर एक. नऊचं पहिलं अक्षर नऊ. म्हणून त्याच्या लेखी नऊ हे बारापेक्षा मोठं. तुमचं कारलं जन्मात हलणार नाही."

आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत राहिलो. सगळं लख्ख झालं होतं. पूर्वी नऊच्या पुढं कुणी टिकायचंच नाही, त्यामुळं दोन आकडी वर्षांशी प्रोग्रामची गाठच पडली नव्हती. मग साथीच्या वर्षी सगळ्या बदल्या थांबल्या. त्या वर्षी ज्यांची नऊ भरली होती, ते पुढच्या वर्षी दहावर गेले, म्हणजे प्रोग्रामच्या हिशेबी एकावर आले, आणि यादीच्या तळाशी जाऊन सुखानं बसले. ढोमणे, बत्रा आणि आणखी दोघं. दिल्ली नाही, मंत्री नाही, मेहुणा नाही. नुसती चूक.

उपाय सोपा होता. एक शब्द काढून तिथं तीन चिन्हं टाकायची. बाण, बरोबरचं चिन्ह, बाण. ते दिसायला उडत्या तबकडीसारखं दिसतं म्हणून पर्लवाले त्याला अंतराळयान म्हणतात, असंही रूथबाईंनी सांगितलं. मग खाली सहज विचारलं, "हे कारलं कोण आहे? त्याला ठाऊक आहे का?"

ढोमण्यांनी चष्मा काढून पुसला. मग लिहिलं, "कारलं मी आहे."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "अरे देवा. तुम्हाला हे खरंच दुरुस्त करायचंय का?"

त्यांनी संगणक बंद केला.

पुढचे काही दिवस ढोमणे तो विषयच काढेनात. मसुदा पक्का व्हायला अजून अवकाश होता. ते जेवणाच्या सुट्टीत कॅरम खेळले, मोठमोठ्यानं हसले, हरजीत समोरून आली की जिना चढून वरच्या मजल्यावर गेले. मी एकदा नुसतं बघितलं, तर म्हणाले, "काय पाहता? बग, म्हंजे चूक, काढाले अक्कल लागते, ताई. ठेवाले काईच लागत नाई."

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. मला वाटतं, घरात सांगताना कुणीतरी तिसरं असावं म्हणून. त्यांचं सरकारी क्वार्टर खालच्या मजल्यावर होतं. शोभावहिनी मोहालीच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्नानंतर किती गावं फिरल्या, आणि प्रत्येक गावी नोकरी धरली की सोडायची वेळ यायची. ही पहिली, जी टिकली. मुलगी पूर्वा कॉलेजात होती. तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची.

ढोमण्यांनी झुणका-भाकरीच्या मध्यावर सगळं सांगितलं. भाज्यांसकट.

वहिनींचा घास हातात राहिला. "म्हंजे दिल्लीत तुमची कोनतीच वळख नाई?"

"नाई."

"कोनीच नाई?"

"एक बी नाई."

"अन् म्या अख्ख्या लाइनीले सांगून ठेवलं का आमच्या यायची वरपर्यंत पोच हाय म्हनून! शेजारची शर्मीणबाई मले गाजराचा हलवा देऊन गेली होती त्याच्यापायी!"

पूर्वा म्हणाली, "पापा, मतलब आप सच में बग हो?"

हसू कुणालाच आवरलं नाही, वहिनींनासुद्धा नाही. पण वहिनींचं हसू आधी थांबलं. त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. मग ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि उभ्यानंच बोलल्या.

"हरजीतच्या नवऱ्याले तिकडं डायलिसिसचं मशीन भेटन का?"

"भेटन बी, नाई बी. जागा बदलली का पयल्यापासून सारं."

"मंग मले काहाले सांगून रायले?"

"तुले इचारून रायलो."

"इचारून नाई रायले. म्या नाई म्हनावं म्हनून सांगून रायले. म्हंजे तुमी सुटले, अन् पाप माह्या डोक्श्यावर." त्यांनी ताक वाढलं. "मी नाई म्हननार नाई. अन् हो बी म्हननार नाई. नोकरी सोडून मी यंदा येनार नाई, तेवढं सांगते. तुमचं तुमी ठरवा."

ढोमण्यांनी पेला उचलला. ताक प्यायले. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पाहा ताई. म्हनून सांगतो, वळखीच्या मानसाले कधी इचारू नये."

सोमवारी त्यांनी ती तीन चिन्हं टाकली. यादी पुन्हा काढली. ढोमणे, बत्रा आणि ते दोघे, चौघेही थेट माथ्यावर. हरजीत पाचवी. जागा चारच होत्या.

बत्रासाहेब सेलमध्ये आले तेव्हा त्यांचा आवाज गॅलरीपर्यंत ऐकू येत होता. "तू पागल है? चलती गाड़ी में हाथ कौन डालता है? ऊपर लिखा था ना, हाथ मत लगाओ?"

"लिखा था, साहब."

"तो?"

"उसके नीचे बैंगन भी लिखा था."

प्रकरण मोठ्या साहेबांकडं गेलं. साहेबांना भीती वेगळीच होती. मागच्या वर्षांच्या याद्याही चुकल्या हे मान्य केलं तर बदली झालेली सगळी माणसं परत मागायची का? ढोमण्यांकडं त्यावर उत्तर तयार होतं. शुद्धिपत्रक. 'यापुढे बारा या संख्येस बारा समजण्यात यावे.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मग विचारलं, "ये गलती पकड़ी किसने?"

"एक बगुले ने, सर," ढोमणे म्हणाले.

ऑर्डरी निघाल्या. ढोमणे, दिब्रुगड. बत्रासाहेबांची सेटिंग मात्र खरीच निघाली. त्यांचीही बदली झाली, पण अंबाल्याला. रोज घरून जाऊन-येऊन. दिब्रुगडकडची त्यांची जागा तशीच रिकामी राहिली. तेव्हापासून बत्रासाहेबांचा आदर वाढला आणि ढोमण्यांचा उतरला. दिल्लीत ओळख नाही हे कळल्यावर शिपाई त्यांना चहा शेवटी देऊ लागला, तोही कधीकधी गार. जे बाबू ढोमणे आले की उठून उभे राहायचे, ते आता बसूनच नमस्कार करायचे. ढोमण्यांना याची फार गंमत वाटायची. "इतकी वर्षं एका चुकीले सलाम करून रायले होते, ताई. आता मले वळखून रायले."

हरजीत त्यांना भेटायला आली. नवऱ्याला घेऊन आली होती. तो बारीक, उंच, हातावर पट्टी. तो नुसता ढोमण्यांचा हात धरून उभा राहिला. ढोमण्यांनी त्याला ठेचा खाणार का विचारलं. हरजीत ओरडली, "जी नहीं! नमक मना है!" मग तिघंही हसले आणि प्रसंग पार पडला.

क्वार्टर सोडावं लागलं. वहिनी आणि पूर्वासाठी चंदीगडला लागूनच्या झिरकपूरला वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्यानं घेतला. तिथल्या खिडकीतून दिवसभर तुंबलेली वाहतूक दिसायची. वहिनींनी शाळा सोडली नाही. सामान हलवायच्या दिवशी ढोमण्यांनी रूथबाईंना लिहिलं की यादी दुरुस्त झाली आणि वांगं सुखरूप आहे. त्यांचं उत्तर आलं ते मला वाचून दाखवलं. त्यात एकच प्रश्न होता, दिब्रुगडला हवा कशी असते? "हे पाहा," ढोमणे म्हणाले, "मले आजवर कोनी हे इचारलं नाई. ना साहेबानं, ना बायकोनं, ना तुमी." ते खरं होतं.

चंदीगडहून दिब्रुगडला थेट गाडी जाते, हे आम्हाला त्यांच्यामुळं कळलं. आम्ही चार-पाच जण स्टेशनवर सोडायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, बाटल्यांचा एक खोका, एवढंच सामान डब्यात चढवलं. वहिनी डब्याच्या खिडकीपाशी उभ्या राहून आत कुणाला तरी जागा धरायला सांगत होत्या. पूर्वा मोबाइलवर वडिलांचा फोटो काढायला बघत होती आणि वडील जागेवर नव्हते.

मी वळून पाहिलं. पलीकडं एक म्हातारं जोडपं गोंधळून उभं होतं. पंजाबातल्या कुठल्या तरी खेड्यातलं असावं, मुलाकडं आसामला निघालेलं. कागदावरचं तिकीट उलटंसुलटं करून बघत होतं. ढोमणे त्यांच्याशी त्यांच्या त्या हिंदीत काहीतरी बोलले, त्यांचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि गाडीच्या अगदी उलट्या टोकाला चालू लागले. म्हातारी मागं, म्हातारा तिच्या मागं.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "डबा इकडं हाय! अहो!"

गाडीनं शिट्टी दिली. त्या गर्दीत त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. एकदा फक्त त्यांनी मोकळा हात वर केला, तोही मागं न बघता, आणि मग पोतं, मरून स्वेटर आणि म्हातारीची ओढणी असं तिन्ही मिळून एका डब्याच्या दारात शिरलं. तो त्यांचा डबा नव्हता. गाडी हलली. त्यांची ट्रंक, वळकटी आणि बाटल्यांचा खोका आमच्यासमोरून त्यांच्याशिवाय निघून गेला. वहिनी खिडकीबरोबर चार पावलं धावल्या आणि आतल्या अनोळखी माणसाला हात जोडून म्हणाल्या, "भैया, वो आते ही होंगे. तब तक सामान देखना."

"देख लेंगे, बहन जी," तो म्हणाला.